खंडेनवमी : धरून ठेवणाऱ्या हत्याराची पूजा

आश्विन शुद्ध नवमी हा शस्त्रपूजनाचा दिवस. घटस्थापनेपासून चाललेला आदिशक्तीचा जागर आता सांगतेला आलेला असतो. करवीरनिवासिनी श्री अंबाबाईची अष्टमीच्या रात्रीची नगरप्रदक्षिणा नुकतीच पार पडलेली असते आणि साऱ्या कोल्हापूरला दसरा चौकातील शमीपूजनाचे व सोने लुटण्याचे वेध लागलेले असतात. ‘खंडा’ म्हणजे खड्ग. त्याची पूजा ज्या दिवशी होते ती खंडेनवमी. ज्यांच्या घरी पूर्वजांची तलवार आहे ते ती म्यानातून काढून पाटावर मांडतात. ज्यांच्या घरी ती नाही ते विळी, सुरी, कोयता, खुरपे मांडतात. सुतार रंधा व करवत मांडतो, शेतकरी नांगराचा फाळ धुऊन त्याला गंध लावतो. आपल्या मराठी भाषेने तर या सर्वांना एकच नाव देऊन ठेवले आहे. रणांगणावरील तलवार हेही हत्यार आणि कारागिराच्या पेटीतील कानस हेही हत्यारच. लढणारा आणि घडविणारा यांत आपल्या पूर्वजांनी भेद मानला नाही, हे या एका शब्दावरून ध्यानात यावे.

शाहूपुरी आणि तिला लागून असलेले शिवाजी उद्यमनगर या भागांत खंडेनवमीच्या सकाळी फेरफटका मारला, तर या शब्दाचा अर्थ डोळ्यांना दिसतो. एरवी पहाटेपासून घरघरणारी यंत्रे त्या दिवशी स्तब्ध असतात. फरशी धुतलेली, दाराला आंब्याचे तोरण, लेथला झेंडूची भलीमोठी माळ, ड्रिलच्या यंत्राला ऊस बांधलेला, आणि पाटावर हातोड्या, कानशी, पाने, छिन्न्या ओळीने मांडलेल्या. या सगळ्या थाटात एक हत्यार मात्र पाटावर येऊ शकत नाही, कारण ते कामाच्या टेबलाला बोल्टांनी कायमचे जखडलेले असते. त्याला सारे ‘व्हाइस’ म्हणतात. दोन लोखंडी जबडे, मधून जाणारे मळसूत्र आणि ते फिरविण्याची दांडी, एवढाच त्याचा संसार. माळ उरली तर त्याला मिळते. नाही तर जबड्यांत एक फूल अडकवून पूजा आटोपते. आज आम्ही या उपेक्षित हत्याराविषयी आणि त्याच्या गोतावळ्याविषयी लिहिणार आहोत. कारण आमच्या मते विजयादशमीच्या कथेशी त्याचे नाते फार जवळचे आहे.

शमीचे पुण्य कोणते?

पांडवांच्या अज्ञातवासाची कथा आमच्या वाचकांच्या घरोघरी सांगितली जाते. विराटनगरीत शिरण्यापूर्वी पांडवांनी आपली शस्त्रे एका शमीवृक्षावर बांधून ठेवली. वर्षभर ऊन, वारा, पाऊस सोसून त्या वृक्षाने ती सांभाळली. अज्ञातवास संपता संपता कौरवांनी विराटाच्या गाई हाकून नेल्या, तेव्हा बृहन्नडेच्या वेषातील अर्जुनाने राजपुत्र उत्तराला त्याच झाडावर चढविले आणि गांडीव पुन्हा हाती घेतले. या कथेची आठवण म्हणून आपण दसऱ्याला शमीची पूजा करतो.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. शमीने एकही बाण सोडला नाही. तिने काहीही तोडले नाही, कापले नाही. तिचे पुण्य एकच : जे सोपविले ते तिने घट्ट धरून ठेवले, ढळू दिले नाही आणि योग्य वेळी जसेच्या तसे परत केले. धरून ठेवणे हेही कर्म आहे, आणि ते इतके मोठे आहे की गांडीवाच्या बरोबरीने त्याची पूजा व्हावी, असे आपल्या परंपरेला वाटले. कारखान्यात शमीचे हे काम व्हाइस करतो. कानस घासते, करवत कापते, हातोडी ठोकते. व्हाइस केवळ धरतो. पण त्याने धरले नाही, तर बाकीच्यांचे सारे कौशल्य वाया जाते.

शाहूपुरीची कर्मभूमी

हा विचार शाहूपुरीत सुचावा यालाही कारण आहे. १८९१ मध्ये कोल्हापूरला आगगाडी आली आणि १८९५ मध्ये राजर्षी शाहू छत्रपतींनी स्टेशनाजवळच्या मोकळ्या माळावर ही व्यापारपेठ वसविली. गुळाच्या व्यापाराने तिचे नाव दूरवर गेले. १९०६ मध्ये महाराजांनी शाहू मिलचा पाया घातला. गुऱ्हाळांचे चरक, विहिरींवरचे पंप आणि पुढे तेलावर चालणारी इंजिने यांची दुरुस्ती करता करता येथील मिस्त्री लोकांनी ती यंत्रे स्वतःच घडविण्यास आरंभ केला. ओतीव लोखंडाच्या फाउंड्र्या वाढल्या, उद्यमनगर उभे राहिले, आणि नंतर शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींपर्यंत हा पसारा गेला. शाहूपुरीच्या एका अंगाला गणेशमूर्ती घडविणारी कुंभार गल्ली आहे, तर दुसऱ्या अंगाला लोखंड घडविणाऱ्यांची वस्ती. मातीला आकार देणारे आणि धातूला आकार देणारे असे शेजारी नांदावेत, हे या पेठेचे भाग्यच म्हणावयाचे.

कोल्हापूरच्या कानशीने केलेला एक पराक्रम तर साऱ्या देशाला ललामभूत ठरला. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांचे मूळ आडनाव मेस्त्री. कारागिरी त्यांच्या रक्तातच होती. आनंदराव व बाबूराव या पेंटर बंधूंनी चलच्चित्रांचा कॅमेरा स्वतः बनविण्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. तरीही बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने तो कॅमेरा १९१८ च्या सुमारास पुरा केला. मूकपटाच्या कॅमेऱ्यात सेकंदाला सुमारे सोळा चित्रे उमटतात. दर वेळी एका लहानशा आकड्याने फिल्मच्या कडेच्या छिद्रात शिरून तिला नेमकी एका चित्राएवढी खाली ओढावयाची, क्षणभर स्थिर ठेवावयाची आणि पुन्हा ओढावयाची. तो आकडा केसभर जास्त घासला गेला, तर पडद्यावर सारे चित्र थरथरते. असले भाग जबड्यात धरून, घासून, बसवून पाहून, पुन्हा काढून घासूनच जुळत असतात. त्याला दुसरी वाट नाही.

या कॅमेऱ्याने टिपलेला ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० मध्ये प्रदर्शित झाला. त्याचा विषय होता कीचकवध, म्हणजे विराटाच्या दरबारात सैरंध्री म्हणून राहिलेल्या द्रौपदीची कथा. पांडवांची शस्त्रे शमीवर होती त्याच वर्षातील ही घटना! कोल्हापूरच्या कारागिरांनी आपल्या घरच्या हत्यारांनी घडविलेल्या यंत्रातून प्रथम अज्ञातवासाचीच कथा उमटावी, हा योग आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो. याच मुशीतून तयार झालेल्या दामले व फत्तेलाल या जोडीने पुढे १९३६ चा ‘संत तुकाराम’ दिला, हे भाविकांना वेगळे सांगावयास नको.

धरण्याचे शास्त्र

व्हाइस म्हणजे काहीतरी आवळून धरणारा सांगाडा, इतकीच अनेकांची समजूत असते. शाहूपुरीतील एका लहानशा शेडमध्ये आम्ही काही वेळ बसलो, तेव्हा तेथील वृद्ध मिस्त्रींनी ती समजूत एका वाक्यात दूर केली. ‘‘पाव्हणं, कानस काय कुणीबी चालवतंय. धरायचं कसं, ते आधी शिकाय लागतंय.’’ त्यांच्या हाताखाली नवीन आलेला मुलगा पितळेची एक चिमुकली कडी घासत होता. त्याने ती जबड्यात आवळली होती आणि तिच्या अंगावर जबड्यांचे दात उमटले होते. मिस्त्री रागावले नाहीत. ‘‘बाळ, लई आवळलंस. ती लोखंडाची न्हाई, पितळंची हाय,’’ एवढेच म्हणाले आणि जबड्यांवर तांब्याच्या पत्र्याची दोन टोपणे बसवून कडी पुन्हा त्याच्या हाती दिली.

या शास्त्राची पहिली पायरी उभे राहण्यापासून सुरू होते. व्हाइसच्या जबड्यांचा माथा उभ्या माणसाच्या कोपराच्या पातळीला यावा, असा जुना दंडक आहे. याहून तो खाली असला तर पाठ वाकते, वर असला तर खांदे भरून येतात, आणि दोन्ही प्रकारांत कानस सपाट न चालता झोके घेते. कानशीचे दात पुढे जाताना कापतात. म्हणून पुढे जाताना दाब आणि मागे येताना मोकळीक. हे सर्व जमण्यासाठी वस्तू जबड्यांच्या शक्य तितकी जवळ धरलेली हवी. ती फार वर राहिली तर कानशीखाली किरकिरते, थरथरते आणि घासलेल्या जागी लाटा उमटतात. त्या किरकिरण्यावरूनच जाणता मिस्त्री पाठ फिरवून बसलेला असतानाही सांगतो की, काम नीट धरलेले नाही.

दुसरी पायरी म्हणजे वस्तूची जात ओळखणे. व्हाइसचे जबडे कठीण पोलादाचे आणि दातेरी असतात. ओबडधोबड लोखंडाला ते योग्य. पण पितळ, तांबे, चांदी यांना तांबे, ॲल्युमिनियम, लाकूड किंवा चामडे यांचे अस्तर लागते. गोल सळई दोन सपाट जबड्यांत टिकत नाही. तिला इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची खाच कोरलेला ठोकळा द्यावा लागतो. आटे पाडलेला स्क्रू सरळ आवळला तर त्याचे आटे चेपतात. म्हणून एक नट मध्ये चिरून तो स्क्रूवर चढवितात आणि मग नटाला धरतात. पातळ पत्रा दाबाने वाकतो; त्याला लाकडाच्या दोन पट्ट्यांमध्ये धरावे किंवा ठोकळ्यावर टेकवून कडेने बारीक चुका माराव्यात. आणि दांडीला नळी अडकवून जोर कधीही वाढवू नये. मळसूत्राची योजनाच अशी असते की हाताचा साधा जोर जबड्यांपाशी कित्येक पटींनी वाढतो. त्याहून अधिक जोर लावणारा माणूस व्हाइसचे ओतीव अंग तरी फोडतो, नाही तर धरलेली वस्तू तरी.

तिसरी पायरी लहान वस्तूंची. टेबलाचा व्हाइस जेथे अवजड पडतो तेथे हातात मावणारा छोटा व्हाइस येतो. त्याचे दोन जबडे मागे बिजागरीने जोडलेले असतात आणि मध्ये दोन कानांचा नट असतो. डाव्या हातात तो धरून वस्तू हवी तशी फिरविता येते. तार, सुई, बारीक खिळा यांच्यासाठी पेन्सिलीएवढा पिन व्हाइस असतो. त्याच्या टोकाची चिरलेली मूठ फिरविली की तारेवर आवळत जाते. अंगठी धरण्यासाठी लाकडाच्या दोन फाळक्यांची पकड असते. तिच्या तोंडाला चामडे लावलेले आणि दुसऱ्या टोकाला पाचर. पाचर आत ठोकली की तोंड मिटते. अंगठी घट्ट बसते आणि तिच्यावर ओरखडाही उठत नाही. अगदी साधी वस्तू म्हणजे सोनाराच्या टेबलाच्या कडेला बाहेर आलेली, मध्ये खाच असलेली लाकडी जीभ. तिच्यात आवळण्याची काहीच सोय नाही. ती फक्त टेकू देते, धरावयाचे काम बोटांनी करावयाचे. तरीही तिच्यावाचून सोनाराचे पान हलत नाही.

आमच्या गृहिणींनी यात नवल मानू नये. चुलीवरचे तापलेले पातेले उतरविणारी सांडशी ही घरातली याच कुळातली. तिने धरले म्हणून हात वाचतो आणि अन्नही सांडत नाही. खंडेनवमीच्या पाटावर विळीशेजारी सांडशीलाही स्थान मिळाले, तर ते उचितच होईल.

लाखेची मूठ

ज्या काळी येथे मळसूत्राचे व्हाइस आले नव्हते, त्या काळी आपले कारागीर वस्तू कशी धरीत? जमिनीवर बसून पायांच्या बोटांत धरीत, गुडघ्याखाली दाबीत, आणि फार नाजूक काम असेल तर लाखेत धरीत. ही शेवटची युक्ती सोनारकामात आजही टिकून आहे. लाख किंवा राळ तापवून मऊ करावयाची, लाकडी काठीच्या टोकावर थापावयाची आणि तिच्यात दागिन्याचा तुकडा अर्धा बुडवून थंड होऊ द्यावयाचे. लाख कडक झाली की तुकडा जणू दगडात बसविलेला. मग त्यावर कानस चालवा, कोरा, ठोका. तो हलत नाही, वाकत नाही. काम झाले की पुन्हा ऊब द्यावयाची. लाख आपली पकड सोडते आणि चिकटलेला अंश स्पिरिटात विरघळून जातो. लोखंडाचे जबडे दोन बाजूंनी दाबतात. लाख मात्र वस्तूला सर्व अंगांनी कवेत घेते आणि व्रण ठेवीत नाही.

कोल्हापुरी साजाचेच उदाहरण घ्या. परंपरेने त्यात एकवीस पाने मानली जातात : दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, एक माणकाचे, एक पाचूचे आणि एक डोरल्याचे. मत्स्य, कूर्म, वराह हे अवतार तेथे नखाएवढ्या सोन्यात उतरतात. त्यातील प्रत्येक पानाची कडा घासून साफ करावयाची, कान जोडावयाचा आणि झिलई द्यावयाची. गुजरीतील सोनाराच्या हाताखालून ते पान जाते, तेव्हा देवाचा अवतार काही काळ पकडीच्या ओठांत विसावलेला असतो. आपल्या देवघरातील चांदीचे टाक, निरांजन, समईवरचा हंस आणि हुपरीच्या पैंजणांची घुंगरे ही सारी या वाटेनेच घरी आलेली असतात.

पंढरपूरच्या संत नरहरी सोनारांची कथा या संदर्भात आठवते. त्यांनी विठ्ठलाच्या कमरेची साखळी दुसऱ्याने आणलेल्या मापावरून केली. ती एकदा सैल झाली, एकदा तोकडी. अखेर डोळ्यांवर पट्टी बांधून ते स्वतः माप घेण्यास गेले. हातांना शंकराची खूण लागली आणि डोळे उघडले तर समोर पांडुरंग. हरिहरांच्या ऐक्याचा बोध देणारी ही कथा भाविक सांगत आले आहेत. कारागिराला मात्र तिच्यात आणखी एक अर्थ सापडतो. हातात धरल्यावाचून कशाचेही खरे माप कळत नाही.

चकाकीची किंमत

कानशीनंतर झिलईची पाळी येते, आणि खरा धोका तेथे आहे. बफचे कापडी चाक वेगाने फिरत असते. त्यावर लहान वस्तू नुसत्या बोटांनी धरली, तर ते चाक ती क्षणात हिसकावते आणि भिरकावते; तिच्याबरोबर बोटही ओढले जाते. म्हणून वस्तू नेहमी चाकाच्या खालच्या भागाला, आपल्यापासून दूर जाणाऱ्या बाजूला टेकवावी. तिची कडा चाकाच्या गतीला सामोरी जाऊ देऊ नये. हातमोजे, ओढणी, सैल बाही आणि मनगटाचा गंडा यांना तेथे थारा नाही, कारण चाक कापडाला आधी पकडते. साखळी तर मोकळी धरूच नये. ती लाकडी फळीला गुंडाळून, दोन्ही टोके बांधून मगच चाकाखाली आणावी. अंगठीसाठी निमुळती लाकडी दांडी घ्यावी. लहान भाग लाखेच्या काठीवर किंवा लाकडी पकडीत धरावा.

हे सारे लिहिण्याचे प्रयोजन आहे. आमच्या वाचकांपैकी अनेकांचे पुत्र, बंधू, पती या कामावर जातात. एक तुकडा बिघडला तर दिवसाची मजुरी जाते. एक बोट गेले तर आयुष्याची भाकरी जाते. आज संगणकावर चालणारी यंत्रे आली आहेत आणि नव्या पिढीला कानस हाती धरणे कमीपणाचे वाटू लागले आहे. परंतु त्या नव्या यंत्रातही पहिला प्रश्न हाच असतो की वस्तू धरावयाची कशी? त्यासाठी खास फिक्स्चर घडवावे लागते, आणि ते चुकले तर लाखोंचे यंत्रही अचूकपणे चुकीचेच काम करते. फिक्स्चर कसे असावे, हे ज्याने व्हाइसपाशी उभे राहून चार वर्षे काढली, त्याला चटकन सुचते. मिस्त्रींचे हे ज्ञान पुस्तकात फारसे उतरलेले नाही. ते हातातून हातात जाते, आणि घेणारा हात पुढे आला नाही तर ते तेथेच संपते. याची खंत आम्हांस वाटते.

पूजा कशी करावी?

आता थोडे पूजेविषयी. हत्यारांना पाणी शिंपडून, ओले कुंकू लावून, वर नारळ वाढवून रात्रभर तसेच ठेवले, तर दसऱ्याच्या सकाळी त्यांवर गंज दिसतो. ही भक्ती हत्याराला मानवत नाही. आधी व्हाइसचे जबडे पूर्ण उघडून आतील लोखंडाचा कीस ब्रशने काढावा. मळसूत्र रॉकेल लावलेल्या फडक्याने पुसावे, त्याला ताजे तेल अथवा ग्रीस द्यावे आणि जबड्यांना तेलाचा पातळ हात फिरवावा. कानशींचे दात तारेच्या ब्रशने दातांच्या रेघेच्या दिशेने झाडावेत. त्यांना मात्र तेल लावू नये, कारण तेलकट कानस घसरते. मग अंगावरील रंगाच्या भागी कोरडे गंध, हळदकुंकू व अक्षता वाहाव्यात. जबड्यांत पूर्ण आवळलेले फूल ठेवू नये. त्याचा ओलावा लोखंडात मुरतो. नारळ बाजूस वाढवावा. दसऱ्याला पूजा उतरवून फुले काढावीत, पुन्हा एकदा पुसावे, आणि यंत्राची माळ काढल्याची खात्री झाल्यावरच कळ दाबावी. घरातील विळी, सुरी, सांडशी यांनाही हाच न्याय. पितळेची भांडी चिंचेने व चांदीची रिठ्याच्या पाण्याने उजळावीत, हे तर आपल्या आजीबाई सांगत आल्याच आहेत.

वर्षातून एकदा केलेली ही स्वच्छता हेच व्हाइसचे खरे पूजन होय, असे आम्ही म्हटले तर श्रद्धावंतांनी रागावू नये. स्वच्छता आणि फूल, दोन्ही असावीत. क्रम तेवढा सांभाळावा.

‘धर्म’ हा शब्द ‘धृ’ या धातूपासून आला आहे, आणि ‘धृ’ म्हणजे धारण करणे, धरून ठेवणे. जो समाजाला, कुटुंबाला, मनाला ढळू देत नाही तो धर्म. किती घट्ट धरावे आणि कोठे सैल सोडावे, हा विवेक त्या धारण करण्यातच आला. फार आवळले तर व्रण उठतो, फार सैल सोडले तर सर्व निसटते. मुलांना वाढविणाऱ्या आईबापांना हे ठाऊक आहे, शिष्याला घडविणाऱ्या गुरूला ठाऊक आहे, आणि पितळेची कडी तांब्याच्या टोपणांत धरावयास शिकविणाऱ्या शाहूपुरीच्या मिस्त्रींनाही ते ठाऊक आहे.

म्हणून यंदाच्या खंडेनवमीला लेथची माळ बांधून झाल्यावर एक माळ टेबलाच्या कडेच्या त्या मूक सेवकासाठी राखून ठेवावी, आणि ती घालण्याचा मान कारखान्यातील सर्वांत लहान शिकाऊ मुलाला द्यावा. आई अंबाबाई सर्व कारागिरांचे हात सुखरूप ठेवो. आमच्या वाचकांना खंडेनवमी व विजयादशमीच्या हार्दिक शुभेच्छा!